लॉगिनची ओळ

दुपारी चार वाजता सर्पदंशावरच्या लशीचा साठा दाखवणारी वेबसाइट कुणालाच आत घेईना. पाठोपाठ ती वेबसाइट सांभाळणाऱ्या शलाकाचा फोन वाजला.

"मॅडम, पानावर तुमचा नंबर आहे. बायकोला काजूच्या बागेत फुरसं चावलंय. लस खालच्या दवाखान्यात आहे की घाटावरच्या? हे नुसतं पासवर्ड मागतंय!" जीप हाकता हाकता दाजी परब ओरडत होते.

शलाकाने लॅपटॉप पुढे ओढला. मिडलवेअरमध्ये, म्हणजे पान उघडण्याआधीच्या तपासण्यांमध्ये, लॉगिन तपासणारी कोडची ओळ तिनेच नुकतीच सर्वांत वर नेली होती. आता लॉगिनचं पानसुद्धा आधी लॉगिन मागत होतं. तिलाही साठा दिसेना.

"दादा, फोन ठेवू नका. ओळ खाली घेतेय."

"लवकर करा ओ! फाटा आला. ती बोलायची थांबलीय."

"तिथेच थांबा!"

"थांबून कसं चालेल, बाई?"

तिने ओळ खाली आणली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मग पान उघडलं. लस फक्त खालच्या दवाखान्यात होती.

"खाली जा, दादा, खाली!"

पलीकडे आवाज नव्हता. फाट्यापुढे दोन्ही रस्त्यांना रेंज नाही.

पाच वाजता तिने फाट्यापासून वीस मिनिटांवरच्या खालच्या दवाखान्यात पुन्हा फोन लावला. जीप अजून आलेली नव्हती.