पाळण्याची मेमरी

शर्वरी उद्यापासून परत ऑफिसात जाणार, आणि आज बाळाचा आपोआप झुलणारा पाळणा मध्येच थांबला. आतली ओवी किंचाळली. तिला खांद्यावर घेऊन शर्वरीने पाळण्याच्या कर्नलचा, म्हणजे तो चालवणाऱ्या मूळ प्रणालीचा, कोड उघडला. बाळ रडलं की पाळणा मेमरीत जागा अडवायचा आणि त्याने स्वतः बाळाला निजवलं, तरच ती सोडायचा. आई मध्येच धावून आली, की जागा अडकून पडायची. अशानेच मेमरी भरून पाळणा अडला होता.

"कुठल्या शहाण्याने लिहिलंय हे?" तिच्या नवऱ्याने, तन्मयने विचारलं.

"मीच. ओवी व्हायच्या आधी."

"मग राहू दे की! उद्यापासून धावून येणार कोण?"

"तू. घरूनच काम करतोस ना?"

‘आईने उचललं, की जागा सोड’ अशी नवी ओळ तिने नुकतीच लिहिली होती. ‘आईने’ पुसून तिने ‘कुणीही’ केलं आणि ओवीला त्याच्या हातात दिलं.