पहिलीतली कमल

"मोबाईलवरच शिकू द्या बाई," भूपेंद्र पुन्हा तेच म्हणाला, आणि दिपमालाचा पारा चढला.

भडगावच्या भाड्याच्या खोलीत बसून ती एकेका पालकाला फोन लावत होती. कोरोनात बंद पडलेली गिरणाकाठच्या लहानशा गावातली तिची शाळा सोमवारपासून उघडणार होती. मुलानं रोज वर्गात यायचं, एक दिवसाआड यायचं, की घरी बसून मोबाईलवर शिकायचं, हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवायचं होतं. मुख्याध्यापक रुपचंद सरांनी बजावलं होतं, नुसतं विचारा, आग्रह करू नका. आणि आग्रह करू नका म्हटलं की दिपमाला हटकून आग्रह करायची.

बाकीची घरं पटापट उरकली. समाधान म्हणाला, रोज न्या आणि लवकर सोडू नका. इंदिराबाईंना जुळ्या नातवांपैकी एकाला आज आणि एकाला उद्या पाठवायचं होतं, म्हणजे घरात एका वेळी एकच दंगेखोर राहील. घोडं अडलं ते भूपेंद्रच्या घरच्या कमलपाशी.

कमल ही तिची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी, आणि गंमत म्हणजे दोघींची गाठ कधी पडली नव्हती. दिपमालाची बदली झाली ती शाळा बंद असताना. गावात रेंज अशी की समोरचा चेहरा दिसायच्या आत फोन कटायचा, त्यामुळे सगळा अभ्यास फोटोंवर आणि रेकॉर्ड करून पाठवलेल्या आवाजावर चालायचा. जूनमध्ये भूपेंद्रचा फोन आला होता, "बाई, आमनी मायले शिकनं शे. पहिलीना ग्रुपमा टाका." शाळेचा पट घसरत चाललेला. एक पोरगी वाढतेय म्हणून दिपमालानं हरखून नंबर टाकला. कागदपत्रं शाळा उघडल्यावर आणा म्हणाली. माय म्हणजे लाडाची लेक, हे तिला कुणी समजवायला नको होतं. धुळ्याला तिचे वडील आजही तिला "ये माय, जेवनी का?" अशीच हाक मारत. नाव काय विचारलं, तर कमल. आजीचं ठेवलं असेल, असं तिला वाटलं.

कमलच्या पाटीचा फोटो रोज सगळ्यांच्या आधी यायचा. अक्षरं मोठाली, जराशी थरथरती, पण ओळ कधी सोडायची नाहीत. कविता म्हणून पाठव म्हटलं की मात्र गप्प. लाजते, असं भूपेंद्र सांगायचा.

"ती स्वतः काय म्हणते?" दिपमालानं विचारलं.

"शाळामाच जासू म्हणस. सकाळपासून जेवनी नही. गाडीवर नही सोडं तं पायी जासू म्हणस. कोणनंच आयकत नही."

"मग अडवता कशाला?"

"बाई, मागली लाटमा आमना आबा गयात. तवयपासून माय पाटीच धरीसन बठस. लसना दोन्ही डोस व्हयनात, तरी माले भ्याव वाटस. तिनं वय देखा ना."

लस याची झाली, त्यात पोरीचं काय, असं दिपमालाच्या मनात आलं. आबा गेल्याचं तिला वाईटही वाटलं. घरातलं माणूस गेलेल्याशी वाद घालू नये, एवढं तिला कळत होतं. पण भीतीपायी घरात बसवलेल्या पोरी पुन्हा वर्गात दिसत नाहीत, हेही तिनं पाहिलं होतं.

"वय बघूनच सांगतेय," ती म्हणाली. "हेच तर शाळेचं वय आहे. आता नाही जाणार तर केव्हा जाणार?"

पलीकडे कुणीतरी बाई खुदकन हसली. फोन स्पीकरवर असावा.

"एक दिवसाआड चाली का?" भूपेंद्रनं विचारलं.

"अर्धी शाळा नको. तुमचा डाव मी ओळखते. आज आजाराच्या नावाखाली घरी बसवाल, उद्या धुणीभांडी तिच्या गळ्यात घालाल, आणि एक दिवस लग्न उरकून मोकळे व्हाल."

"लगन?" भूपेंद्र दचकला. "मायनं?"

"भोळेपणा नको माझ्यापुढे. तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं. सोमवारी ती वर्गात दिसली नाही, तर मी स्वतः तुमच्या दारात येईन आणि हात धरून तिला घेऊन जाईन. बघते कोण अडवतं ते."

"आयकं ना? आते तरी जेव," भूपेंद्र कुणाला तरी म्हणाला. मग फोनवर हताशपणे, "बरं बाई. रोज आनसू. पन तिले पुढे बसाडा. मांगून दिसत नही तिले."

"पुढच्याच बाकावर बसवते."

फोन ठेवून दिपमाला एकटीच हसली. संध्याकाळी बाजारात जाऊन तिनं कमलसाठी एक मास्क घेतला. गुलाबी रंगाचा, त्यावर पांढरे ससे.

सोमवारी मुलं आली, गलका झाला, हात धुऊन झाले. दिपमालानं खिडकीजवळचा पहिला बाक रिकामा ठेवला होता. हजेरी घ्यायची वेळ झाली तरी तो रिकामाच राहिला. शेवटी ती मास्क हातात घेऊन दारात जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. कानशिलांवर केस पिकलेला एक माणूस उतरला, आणि मागून नऊवारीतली त्याची म्हातारी आई उतरली. दिपमालानं दोघांच्या मागे रस्त्यावर नजर टाकली. रस्ता मोकळा होता.

"भूपेंद्र ना तुम्ही? नाहीच आणली ना तिला?" तिचा आवाज चढला. "मी काय सांगितलं होतं?"

म्हातारीनं चष्मा सारखा केला, दिपमालाच्या हातातला मास्क घेतला आणि सशांसकट तोंडावर चढवला. उंबऱ्याबाहेर चपला काढून ती आत गेली, गुडघ्यावर हात टेकत पहिल्या बाकावर बसली आणि पदराआडची पाटी काढून समोर ठेवली.

"कमल हजर शे, बाई."