सदर बल्ब

दामिनीनं बल्ब दुरुस्त केला आणि तो लागला. मात्र जानरावांच्या घरात असं काही घडलेलं नाही.

जानराव तिचे सासरे. कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं बसून रिटायर झालेले. ज्यावर शिक्का नाही ते झालंच नाही, अशी त्यांची पक्की समजूत. दुपारी शेजाऱ्यांदेखत त्यांनी बंद पडलेला एलईडी बल्ब सुनेपुढे सरकवला होता. "अकोल्याच्या आयटीआयत शिकली म्हणे. पोळी करपवते अन् बल्ब लावते. लागला तं समोरची खोली तुयी. टाक दुरुस्तीचं दुकान."

दामिनीनं बल्बची टोपी उचकटली. आत नऊ बारके दिवे एकामागं एक जोडलेले. एकावर काळा ठिपका. मेला होता तेवढा एकच, पण त्याच्यापुढं वीज जाईना, म्हणून आठ धडधाकट दिवे मुकाट बसलेले. या घरात राहून तिला हा प्रकार ओळखीचा झाला होता. तिनं मेलेल्यावर सोल्डरचा थेंब टाकला आणि विजेला पुढं वाट करून दिली.

दिवेलागणीला बटण दाबलं. जानरावांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"बंदच आहे," ते म्हणाले.

मग तो बंदच होता. तिच्या नवऱ्यानं, नितेशनं, मोबाईलचा टॉर्च लावून ताटातली भाकर शोधली. सासू लीलाबाई भिंत चाचपत पाण्याच्या माठापर्यंत गेल्या. लख्ख उजेडात.

"मामाजी, डोळे दिपून राह्यले तुमचे."

"वय झालं. सरपंचाचा दाखला आणतो. मंग तं मानशीन?"

बल्बच्या बरोबर खाली पाट टाकून जानराव अर्ज लिहायला बसले. 'सदर बल्ब कायमस्वरूपी बंद असल्याचा दाखला मिळावा.' दामिनी वाचायला वाकली.

"बाजूले सर," जानराव खेकसले. "कागदावर तुयी सावली पडून राह्यली."

लीलाबाई उठल्या, समोरच्या खोलीत गेल्या आणि तुरीचं पोतं बाहेर ओढू लागल्या. नितेशनं टॉर्च विझवला आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.

जानरावांनी पेनाला टोपण लावलं. परत काढलं. अर्जाच्या तळाशी एक ओळ वाढवली: 'अर्ज लिहितेवेळी पडलेली सावली ग्राह्य धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'