रेषेबाहेरचा गडी

रेषेबाहेर बसलेला दिगंबर ओरडला, “रोहिदास, नुसता हात लाव!”

रोहिदासने समोरच्या संघातल्या एकाला शिवलं, की बाद झालेला दिगंबर पुन्हा खेळात येणार होता. हंगामभर कबड्डीच्या साऱ्या चढाया दिगंबरनेच केल्या होत्या. बाद झालेल्या सोबत्यांना त्यानेच उठवून आत आणलं होतं. आज अंतिम सामन्याआधी सर म्हणाले, “चढाया वाटून घेऊ. एकट्याच्या गुडघ्यांवर किती भार टाकायचा?” ऐकून त्याला भरून आलं होतं.

समोरचा गडी घसरून पडला, अगदी हाताशी. रोहिदासने सरांकडे पाहिलं आणि पडलेल्याला न शिवताच तो मागे फिरला. आघाडी होतीच. शिट्टी वाजली, करंडक मिळाला.

गुलालाने माखलेला रोहिदास दिगंबरच्या पाया पडायला वाकला. “दादा, रागावू नका. सर म्हणाले होते, दिगंबर बाद झाला की त्याला उठवायचं नाही. आत आला की तो चढाई सोडत नाही.”

दिगंबरने पाय मागे घेतले. “काल उपांत्य सामन्यात तुला दोनदा उठवलं. उठवायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं रे.”