दाट वेणी

"तुमचे केस नाजूक आहेत, मॅडम. जोडायला पातळ हेअर एक्स्टेन्शनच बरं. दाट लावलं तर ओझ्यानं मुळं उपटून येतील," तिचे केस मुठीत तोलत मी म्हणाले.

"पण माझ्या होणाऱ्या नवऱ्याला दाटच आवडतात. अगदी अशी वेणी हवीय त्याला." तिनं मोबाइल पुढे केला.

फोटोत जाड वेणीवर अबोलीचा गजरा माळलेली पाठमोरी बाई होती. ती मीच होते, बाळंतपणाआधीची. आमच्या गॅलरीत माझ्या नवऱ्यानंच तो काढला होता. हल्ली तो माझ्या केसांना उंदराची शेपटी म्हणतो.

"कोण ही?" मी विचारलं.

"त्याची बहीण. लग्न होऊन लांब गेलीय, म्हणाला."

पातळ केसांचं पाकीट मी परत ठेवलं आणि सर्वांत दाट घेतलं.

"बसा," मी म्हणाले, "अगदी मुळाशी घट्ट लावते."