ब्याण्णव टक्के

पडद्यावर आकडा उमटला तेव्हा समोर बसलेले डॉ. महादेवप्पा चहा पीत होते. ब्याण्णव टक्के. रुपालीनं पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला.

सोलापूरच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती, महादेवप्पा तिथलेच प्राध्यापक. पूर्वी तिचं काम पुस्तकं देण्या-घेण्याचं. आता कुणाचंही संशोधन विद्यापीठात जाण्याआधी तिच्याकडे येई. मजकूर कुठून उचलला आहे का, हे संगणकावर तपासून ती दाखला देई. त्या दाखल्यावाचून महादेवप्पांचा ग्रंथ पुढं सरकणार नव्हता. ग्रंथावाचून प्राचार्यपद मिळणार नव्हतं.

ग्रंथ विडी वळणाऱ्या बायकांच्या गाण्यांवर होता. सकाळी पहिलंच पान रुपालीनं वाचलं आणि ओळखलं. ते पान तिनंच टाइप केलेलं. तिच्या भावाच्या, नवनाथच्या प्रबंधाचं. पाच वर्षं तो त्या बायकांच्या दारोदार हिंडला होता. महादेवप्पा त्याचे मार्गदर्शक. त्यांनी शिफारस दिली नाही. असली गाणी आमची म्हातारी पण म्हणते, याला काय संशोधन म्हणतात व्हय, असं चारचौघांत हसून विचारलं आणि प्रत स्वतःकडे ठेवून घेतली. नवनाथ पुन्हा कॉलेजची पायरी चढला नाही. नऊ वर्षं झाली, तो वैरागच्या बाजारात कांदा तोलतो. घरात प्रबंधाचं नाव कुणी काढत नाही.

रुपालीनं मात्र तेव्हाच तो कॉलेजच्या डिजिटल संग्रहात चढवून ठेवला होता. नाव आणि तारखेसकट. त्या संग्रहाला महादेवप्पा झेरॉक्सचं दुकान म्हणत. त्यांनी तो कधी उघडूनही पाहिला नव्हता. त्यातल्याच प्रबंधाशी त्यांचा ग्रंथ आता ब्याण्णव टक्के जुळला होता.

लेखकाचा अर्ज अहवाल दाखवल्यावर भरून घ्यायचा असतो. रुपालीनं तो आधी पुढं केला. ग्रंथाची योग्यता काय, हे त्यात स्वहस्ते लिहायचं होतं. महादेवप्पांनी चष्मा लावला आणि समासापर्यंत लिहिलं. या विषयावरचं हे पहिलं अस्सल काम आहे, कोणत्याही विद्यापीठानं यावर डॉक्टरेट द्यावी. खाली झोकात सही केली, शिक्का मारला.

मग तिनं पडदा त्यांच्याकडे फिरवला.

आजवर तिला ‘ए रुपाली’ म्हणणारा माणूस खुर्ची पुढं ओढून म्हणाला, “मॅडम, तेवढा एक प्रबंध तपासणीतनं वगळा की. तुमच्या हातात हाय.”

“एकाच मजकुरावर हितं दोन नावं हायेत, सर,” रुपाली म्हणाली. “एक वगळतेच.”

दुसऱ्या दिवशी अहवाल विद्यापीठात गेला. त्याच टपालानं नवनाथचा प्रबंधही गेला, पदवीसाठी. प्रबंधाला मार्गदर्शकाची लेखी शिफारस लागते. रुपालीनं महादेवप्पांच्या हातचा तो कागद जोडला.