पखवाजाची कणीक

बाबांच्या वर्षश्राद्धाला मी त्यांच्या शेवटच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावलं. स्पीकर नवा, तळहातावर मावणारा. "एवढासा दिसतो, पण मोठ्यांच्या तोडीचा आहे," मी आईला म्हणालो.

आवाज स्वच्छ होता. टाळ, चिपळ्या, बुवांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. मग बाबांचा पखवाज सुरू झाला आणि आईचा चेहरा उतरला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापली, तरच तो घुमतो. चाळीस वर्षं ती कणीक आईनेच भिजवून दिली होती.

"घुमत नाहीये रे," ती पुटपुटली. "त्या दिवशी कणीक कमी दिली का मी? त्यांचं शेवटचं वाजवणं, आणि माझ्यामुळे..."

"अगं, स्पीकर लहान आहे म्हणून." तिला पटेना. शेवटी माळ्यावरचे जुने लाकडी स्पीकर उतरवले, धूळ झटकून जोडले आणि तेच भजन पुन्हा लावलं.

पहिल्याच थापेला मांडणीवरची भांडी थरथरली. आईने उजवा पंजा हलकेच वरखाली केला, गोळ्याचं वजन जोखावं तसा.

"पुरली होती," ती म्हणाली. "आता बंद केलंस तरी चालेल."